मुराळ्याविना माहेर

मार्च लागला की साताऱ्यातल्या आमच्या घरात टीव्हीवर चादर पडते. यंदा धाकट्या लेकीची बारावी आहे. कुकरनंसुद्धा शिट्टी दबक्या आवाजात द्यावी अशी तिची अपेक्षा असते, आणि जन्मात कधी कुणाला गप्प बसवू न शकलेली मी कुकरसमोर हात जोडून उभी असते. खिडकीतून अजिंक्यताऱ्याचं वाळकं गवत दिसतं. खाली कलिंगडवाला ओरडतो, त्याच्यावर लेक ओरडते. मग मधेच वही मिटून विचारते, "आई, तुला बारावीला किती पडले होते गं?"

"भाजी करपली वाटतं," म्हणत मी आत पळते. भाजी अजून चिरायचीच असते.

खरं सांगायचं तर बारावीनं माझ्याशी बराच काळ फटकून वागणं पसंत केलं. पहिला मार्च गेला, त्याच्यामागून ऑक्टोबर गेला, दोन्ही वेळेला फिजिक्सनं मला ओळखच दिली नाही. नव्वदीची सुरुवात होती. दहिवडीकडं आमच्या गावात पाऊस नव्हता, कॉलेज नव्हतं, आणि नापास पोरीला सांगता येईल असं एकही कारण नव्हतं. वडिलांनी मला उचललं आणि सांगलीशेजारच्या माधवनगरला किसनकाकांच्या घरी आणून ठेवलं. "मार्चपर्यंत हिला हलू देऊ नको," एवढं बोलून ते शेळ्यांकडं परत गेले.

काकांनी थोरल्या भावाचा शब्द अक्षरशः पाळला. गिरणीतली त्यांची नोकरी गिरणीबरोबरच बंद पडली होती. ते पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याच्या मागावर काम करायचे. कामाला निघताना ते बाहेरून कडी घालायचे.

"पोरीचा अब्यास हाय. बायका गप्पा हाणाय येत्यात," असं त्यांचं म्हणणं.

आत मी आणि काकू. म्हणजे बारावी माझी, आणि कैद दोघींना.

चाळीतल्या दोन खोल्या, वर पत्रा. दुपारी पत्रा तडतडायचा आणि चारी बाजूंनी मागांचा खडखडाट. त्या आवाजाची सवय होते म्हणतात, पण सवय होत नाही, आपण फक्त मोठ्यानं बोलायला लागतो. माझ्या सासरी आजही मला 'ओरडणारी सून' म्हणतात. त्यांना माधवनगर माहीत नाही. संध्याकाळी वारा फिरला की शिवाराकडून शिजवलेल्या हळदीचा वास यायचा. बाहेर मोकळं रान आहे, माणसं हिंडताहेत, हे आम्हाला नाकानं कळायचं. गजांच्या एकुलत्या एका खिडकीतून शेजारच्या पद्माक्का ताकाचा तांब्या तिरका करून आत ओतायच्या, खाली मी भांडं धरायची. "काय गं, आज तरी जामीन झाला का?" असं त्या रोज विचारायच्या. त्यांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळं संध्याकाळी अख्ख्या चाळीच्या भानगडी सोडवायला त्या मोकळ्या असायच्या.

आता काकूबद्दल सांगायला हवं. शांताकाकू अथणीच्या पुढच्या एका खेड्यातली. आम्ही मेंढरांमागं जाणारी माणसं; मेंढराला राज्याची हद्द कळत नाही, त्यामुळं आमच्या सोयरिकीही तिकडंपर्यंत झालेल्या. आजोबांनी कुठल्याशा मुक्कामाला ही मुलगी बघितली आणि तिथंच सुपारी फोडली. लग्नात तिचं नाव बदललं, आणि लग्नानंतर भाषा. एकही मराठी शब्द येत नसताना ती या घरात आली. मराठी ती बोलायला शिकली, पण 'तो गाडी' आणि 'ती बैल' हा घोळ शेवटपर्यंत राहिला. कन्नड बोलायला माणूसच नव्हतं, त्यामुळं ती भाषा फक्त चटका बसल्यावर बाहेर यायची. "यव्वा!" एवढाच तिच्या माहेराचा आवाज आमच्या घरात उरला होता. वाचता तिला दोन्हीकडचं येत नव्हतं. तिकडं लहानपणी मेंढरं होती, इकडं चूल.

आणि माहेर तुटलेलं. कारण सांगितलं तर आजची पोरं हसतील. काकूच्या धाकट्या भावाच्या लग्नात मांडवात जावयांना टॉवेल-टोपी द्यायची वेळ आली, तेव्हा थोरल्या जावयाच्या आधी, म्हणजे आमच्या काकांच्या आधी, धाकट्याचं नाव पुकारलं गेलं. झालं. काका ताटावरून उठले ते थेट माधवनगरला येऊन बसले. "त्या दारात पुन्यांदा पाय ठिवणार न्हाई!" मेव्हणेही तितकेच ताठ. त्यांनी मुराळी धाडायचं बंद केलं. आमच्याकडं लेकीनं आपली आपण उठून माहेरी जायचं नसतं. भाऊ किंवा भाचा, कुणीतरी मुराळी बनून न्यायला यावं लागतं. नवरा सोडायला जात नाही, भाऊ न्यायला येत नाही, अशा दोन अडून बसलेल्या टोप्यांच्या मधे काकू वर्षानुवर्षं बसून होती. तिची आई तिकडं म्हातारी होत होती. मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि मिरजेहून अथणीच्या गाड्या दिवसभर सुटायच्या. काकूनं एवढंच ऐकलेलं होतं.

त्याच हिवाळ्यात साक्षरतेची लाट आली. सकाळी फेऱ्या, घोषणा, भिंतीभिंतीवर अक्षरं. शिकलेल्यानं न शिकलेल्याला शिकवायचं, असा सगळा मामला. आमच्या चाळीचा वर्ग घ्यायला बाई मिळेना. शाळेचे गुरुजी माझ्यापर्यंत आले.

"शिक्षण?"

"बारावी."

"पास?"

"चालू आहे."

"चालेल," ते म्हणाले. दुष्काळी भागातल्या माणसाला एवढी उदार दृष्टी नवी होती. संध्याकाळचे दोन तास कडी उघडणार या एका लोभानं मी शिक्षिका झाले.

वर्ग उघडला त्या संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या, पुरुष कडेला तंबाखू मळत. काकू दारातच उभी. पद्माक्कांनी सरळ काकांनाच गाठलं.

"काय ओ किसनराव, हिला बसवा की वर्गात."

"कशाला? हिला काय कलेक्टर करायचीया?"

"कलेक्टर नको. एकटी माहेरला तरी जाईल."

पुरुष हसले. काकाही हसले. हसणाऱ्यांच्या पुढं माणूस जरा जास्तच दिलदार होतो. "जाऊ दे की! मिरजंच्या स्टँडावर गाडीची पाटी हिनं आपली आपण वाचायची. कुणाला म्हंजी कुणाला इचारायचं न्हाई. ज्या दिशी वाचली त्या दिशी बिनमुराळ्याची सोडतो. माझा शबुद हाय!"

पुन्हा हशा झाला. काकू तेवढी हसली नाही. ती आली आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसली.

शिकवायची माझी पद्धत कुठल्या पुस्तकात बसणारी नव्हती. ओट्याला लागून मागांची शेड. 'म' म्हटलं की 'न' ऐकू जायचा आणि 'न' म्हटलं की काहीच नाही. मग मी तोंड भलंमोठं उघडून, ओठ आवळून, जीभ दाखवून अक्षरं काढायला लागले. बायका माझ्या तोंडाकडं बघून हसून लोळायच्या. खडू तर असा धरायच्या, जणू त्याचा वास हाताला लागेल. पण मागावर काम करणाऱ्या बायकांना ओठ वाचायची सवय असतेच, आणि काकू त्यांच्याही पुढं होती. परक्या भाषेत नांदायला आलेली बाई पहिल्यांदा माणसाच्या तोंडाकडं बघायला शिकते, कान तिला नंतर येतात. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. तेव्हा मला एवढंच वाटायचं, की माझी विद्यार्थिनी माझ्यापेक्षा हुशार आहे, आणि ही गोष्ट घरी कळता कामा नये.

दुपारी कडीच्या आत दुसरा वर्ग चालायचा. मी फिजिक्स उघडून बसले की काकू परातीत पीठ पसरायची.

"नंदव्वा, ते 'थ' परत काढ की."

"काकू, पुस्तकात अजून 'थ' आलेला नाही."

"पुस्तकाला कुठं जायचंय? मला जायचंय."

तिला 'घर' नको होतं, 'नळ' नको होतं. अ, थ, णी. पिठात बोटानं ती अथणी काढायची, पुसायची, पुन्हा काढायची आणि मग त्याच पिठाच्या भाकरी थापायची. त्या मार्चपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं माहेर किती वेळा खाल्लं असेल कुणास ठाऊक. काका मिटक्या मारत खायचे.

एका दुपारी ती खिडकीशी उभी राहून समोरच्या भिंतीकडं बघत होती. तिथं लाल रंगात मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. तिचे ओठ हलत होते. एकेक अक्षर जोडत, थांबत, मागं जात तिनं अख्खं वाक्य वाचलं. आयुष्यातलं पहिलं.

"ये-थे... ल-घ-वी... क-रू... न-ये."

ती गर्रकन वळली. चेहऱ्यावर असा आनंद, की मी फिजिक्स टाकून उठले. आणि दुसऱ्याच क्षणी तिनं कपाळावर हात मारून घेतला. "यव्वा! नंदव्वा, इतकी वर्षं मी जाता-येता त्याला हात जोडतीय! लाल रंगात हाय, देवाचंच असंल म्हटलं!"

आम्ही दोघी जमिनीवर बसून हसलो. पद्माक्का खिडकीत आल्या, त्यांना सांगितलं, त्या तांब्यासकट हसल्या, ताक सांडलं. हसू ओसरल्यावर काकू तशीच बसून राहिली. "आणि कशा-कशाला हात जोडले असतील मी," ती हळूच म्हणाली. मग उठून परात घेतली.

काका वाईट नव्हते. हे मला आता सांगावंसं वाटतं, कारण गोष्टीत कडी घालणारा माणूस लगेच राक्षस होतो. सुट्टीच्या दिवशी भोंग्याच्या वेळेला ते अंगात सदरा चढवून बंद गिरणीच्या फाटकापर्यंत जायचे. भोंगा वाजायचा नाही. जरा उभं राहून परत यायचे. मेव्हण्यांची आठवण त्यांनाही येत असणार. अथणीकडची ज्वारी कुणी आणली तर भाकरीचा पहिला तुकडा ते डोळे मिटून खायचे. पण मांडवातून उठलेल्या माणसाला परत बसायची जागा कुणी दाखवावी लागते. ती कुणी दाखवली नाही. माझ्या फिजिक्ससारखंच, त्यांचंही काहीतरी अडलं होतं आणि ट्यूशन लावायची सोय नव्हती.

माझे पेपर झाले. कसे झाले ते विचारू नये. पुढं निकालात फिजिक्सनं मला भीक घातली, एवढं पुरे. पाठोपाठ वर्गाची परीक्षा झाली. बायका नव्या लुगड्यांत आल्या होत्या, उत्तरं एकमेकींना मोठ्यानं सांगत होत्या, आणि मी पर्यवेक्षक म्हणून त्यांना गप्प करत होते. तेही जमलं नाही. काकू पास झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माक्का काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"शब्द दिला होता."

काकांनी तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "मी कुठं न्हाई म्हणतोय? पन मी संगं येणार. इचारती का बगायला."

असे आम्ही तिघं मिरजेच्या स्टँडवर गेलो. काकूनं जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं, पिशवीत आईसाठी बेदाणे आणि द्राक्षं. काका खांबाजवळ हाताची घडी घालून उभे राहिले, अगदी आमच्या केंद्रावरचे सुपरवायझर. मी मधे. काकू गाड्यांच्या समोरून चालत निघाली. कोल्हापूर. तासगाव. जत. तिचे ओठ हलत होते, बोट हवेत अक्षर गिरवत होतं, आणि माझ्या फिजिक्सच्या पेपरलाही केला नव्हता तेवढा देवाचा धावा मी करत होते. सांगली. विटा. प्रत्येक पाटी तिनं बरोबर वाचली, आणि पुढं गेली.

मग अथणीकडच्या फलाटावर लागलेली एक गाडी आली. कर्नाटकची. काकू समोर जाऊन उभी राहिली. वाचायला लागली, थांबली. जवळ गेली. लांब आली. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

पाटीवर सगळी वेटोळी होती. गोल, त्याच्या डोक्यावर शेंडी, पुन्हा गोल. जिलब्यांचं ताट. कन्नडमध्ये लिहिलेलं ते गाव अथणी होतं, बेळगाव होतं की बंगळूर, हे मला कळेना. काकांना कळेना. एवढे महिने पिठात, खडूनं, कोळशानं आम्ही जे शिकवलं आणि शिकलो, त्यातलं एक अक्षर तिथं नव्हतं. तिच्या गावाला जाणारी गाडी तिच्या गावच्या लिपीत लिहिलेली असणार, ही साधी गोष्ट आमच्या एवढ्या मोठ्या चाळीत कुणाच्याही डोक्यात आली नव्हती.

काकांना आधी हसू आलं. मग त्यांनी ते आवरलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि आवाज मवाळ होता, ते मला जास्त लागलं. "झाली परीक्षा. चल घरला."

काकूनं पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, रडणार. ती गाडीच्या दाराशी गेली, आणि कंडक्टरकडं बघून एवढ्या मोठ्यांदा बोलली की खांबावरची कबुतरं उडाली.

"अण्णा! ई बस अथणीगे होगतैतेन्री?"

इतकी वर्षं मी तिचा आवाज ऐकत होते. हा आवाज तिचा आहे हे मला माहीत नव्हतं. जाडजूड, मोकळा, मेंढरांना हाक घालायचा आवाज. कंडक्टर हसला, त्याच भाषेत काहीतरी म्हणाला, तिनं उलट काहीतरी ऐकवलं, आणि गाडीतली दोन माणसंही हसली.

"इचारायचं न्हाई ठरलं हुतं!" काका पुढं आले.

"परक्याला विचारायचं नाही ठरलं होतं," पिशवी उचलून गाडीत चढत काकू म्हणाली. "हा माझा गावचा माणूस हाय. आणि आवं, तुमच्या पाट्या सगळ्या वाचल्या की मी. ही पाटी तुमी वाचून दाखवा, मग उतरते."

काका पाटीकडं बघत राहिले. गाडी सुटली.

खिडकीतून तिनं हात केला नाही. ती पुढं, रस्त्याकडं बघत होती.  परतीच्या गाडीत मी मनात विचार करत होते, की विचारायचंच होतं तर ती कधीही विचारू शकली असती. पहिल्या वर्षीसुद्धा. तोंडात भाषा होतीच. पण तो विचार मी मोठ्यांदा बोलले नाही, आणि आजही लेकीसमोर तो नीट मांडता येत नाही.

घरी आल्यावर पद्माक्कांनी मला खिडकीतून बजावलं. "आता बघ मजा. बाई एकदा माहेरी पोचली की न्यायला माणूस जावं लागतं. किसनराव स्वतः जातील, टोपी हातात घेऊन. तोवर तिनं हलायचं नाही. सांगून पाठवलंय मी तिला."

आणि खरंच, काकांची घालमेल सुरू झाली. भाकरी मी करायची. ती भाकरी होती हे सांगावं लागायचं. आठवडा सरत आला तशी त्यांनी टोपी धुतली. वाळत घातली. कुणी विचारू नये म्हणून आतल्या दोरीवर. एका सकाळी मला म्हणाले, "अथणीला पैली गाडी कवा आसती गं?" मी पद्माक्कांकडं धावले, त्यांनी टाळी दिली.

त्याच दिवशी दुपारी दारात पिशवी घेऊन काकू उभी. एकटी. आईनं दिलेली ज्वारी डोक्यावर, ऊन लागून चेहरा लाल. काकांनी तिच्याकडं बघितलं, दोरीवरच्या टोपीकडं बघितलं, आणि टोपी काढून पेटीत टाकली.  कामाला जाताना चाल परत जुनी होती.

मी तिच्यावर भडकले. माझं सगळं आयुष्य जणू त्या टोपीवर अवलंबून होतं.

"काकू, का आलीस? उद्या न्यायला येणार होते! स्वतः!"

ती पाय पसरून बसली, तांब्याभर पाणी प्याली.

"भावजयीबरोबर बाजारला गेले होते अथणीला. यायचं कुठं होतं मला. आई म्हणत होती पंधरा दिवस राहा. स्टँडावरनं चाललो होतो. सगळ्या गाड्यांच्या पाट्या गोल गोल, एक पण कळेना. तिकडं मी परत अडाणीच की. त्यात आपल्या अक्षरांची एकच पाटी दिसली." तिनं बोटानं जमिनीवर काढून दाखवलं. मि, र, ज.

"मग?"

"मग वाचली."

"वाचली म्हणून यायचं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच तिची ढ विद्यार्थिनी होते.

"आपल्याला वाचता येणारा गाडी समोर उभा हाय, नंदव्वा. सोडून कसं जायचं? घरी जाऊन पिशवी घेतली, आईच्या पाया पडले, परत स्टँडावर आले. तोवर पुढचा लागला होता. त्याची पण पाटी वाचली. चढले."